पूर्ण मिनिट

वनारसे मॅडमचं नाव निघालं की आमच्या हॉस्पिटलात लोक आधी त्यांच्या जिभेबद्दल बोलतात. ती होतीच तशी. पण मला त्यांची मान आठवते. पेशंटच्या कॉटशी उभ्या राहिल्या की मान इतकी स्थिर, जणू फोटो काढून घेताहेत. पदरावर पिनेनं लावलेलं छोटं घड्याळ दोन बोटांत वर धरलेलं आणि नजर मात्र पेशंटच्या छातीवर. एक पूर्ण मिनिट. त्या मिनिटात कोणी हाक मारली तर ओ मिळायची नाही. एकदा आमच्या मोठ्या सर्जननी "मॅडम, मॅडम" करून तीनदा हाक मारली. मिनिट संपल्यावर बाई वळल्या आणि म्हणाल्या, "हं, बोला. तुमची हाक तीनदा ऐकली. यांचा श्वास बावीसदा."

हॉस्पिटल नारायण पेठेच्या बाजूला आहे, नदीजवळ. त्याला जोडून नर्सिंगची शाळा, आणि त्या शाळेत मॅडम शिकवायच्या. मी अठराव्या वर्षी यवतमाळकडून आले, त्यांच्या हाताखाली शिकले आणि तिथेच हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज झाले. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणूस निबर होतो. मीही झाले आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मॅडम मात्र झाल्या नव्हत्या, आणि मला ते तेव्हा जरा जास्तीचंच वाटायचं.

कसबा पेठेतून त्या रोज चालत यायच्या. छत्री बाराही महिने. डबा उभ्यानं खायच्या, खिडकीपाशी, आणि डबा संपेपर्यंत त्यांचं बोलणंही संपलेलं असायचं. पेशंटच्या नातेवाइकांनी पेढे आणले तर म्हणायच्या, "आम्ही बरं केलं म्हणून देताय की तुम्ही घरी चाललात म्हणून?" आणि पेढा घ्यायच्या नाहीत. मुलींना त्या रागावल्या की 'आपण' म्हणायच्या. 'तू' म्हणाल्या तर हायसं वाटायचं. आणि सारखा तोंडात एक शब्द: अंदाजपंचे. "हे मोजलंत, की अंदाजपंचे लिहिलंत?"

हे मोजणं म्हणजे श्वास. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटाला लागते, पण श्वास कोणी मोजत नाही. हे आमच्या धंद्यातलं उघडं गुपित आहे. मोजायला पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं, तेही पेशंटला कळू न देता, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. चाळीस कॉटा आणि दोन सिस्टर, कोणाला असतं मिनिट? मग चार्टवर सगळे अठरा लिहितात, फार तर वीस. दर शनिवारी मॅडम लाल पेन्सिल घेऊन वॉर्डातले चार्ट तपासायला बसायच्या. एका शनिवारी माझ्याच वॉर्डातले चार्ट त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले. म्हणाल्या, "वैशाली, चाळीसच्या चाळीस पेशंट अठरा श्वास घेतायत. कवायत चालू आहे का?"

मी म्हटलं, "मॅडम, सगळ्यांच्या बोटाला मशीन लावलेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला की ते ओरडतं."

"ते ओरडतं शेवटी. श्वास आधी धावायला लागतो. शरीर बिचारं आधी आपलं आपण ओढून बघतं, आणि अगदीच जमेना झालं की मग तुमचं मशीन."

त्या आठवड्यात मी दोन दिवस मोजले. मग परत अठरा.

दरवर्षी नव्या बॅचचा पहिला सोमवार घड्याळाचा असायचा. आदल्या शनिवारी सगळ्या मुलींची वरात बुधवार पेठेत, सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्यायला. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, डिजिटल घ्या ना, स्वस्त पडतं." मॅडम म्हणायच्या, "विकायचं काम तुमचं, शिकवायचं माझं. काटेवालं काढा." सोमवारी प्रात्यक्षिकाच्या खोलीत फरशीवर खडूनं मोठं वर्तुळ काढायच्या. बारा मुली बारा आकड्यांवर मांडी घालून बसायच्या, तेरावी सेकंदकाटा होऊन त्यांच्या मागून फिरायची आणि चौदावी मध्ये पेशंट म्हणून आडवी. बाकीच्यांनी आडव्या मुलीच्या पोटाकडे बघायचं. फिरणारीकडे बघायचं नाही, पण ती कुठे पोचली ते कळलं पाहिजे. हसू यायचं. मलाही आलं होतं, मी सात आकड्यावर बसले होते.

"आकडा वाचावा लागतो," मॅडम सांगायच्या. "काटा नुसता दिसतो. तुम्ही मोबाईलमधला आकडा वाचायला गेलात की इकडे एक श्वास सुटला. काटा डोळ्याच्या कोपऱ्यातून फिरत राहतो, पाव फिरला, अर्धा फिरला. नजर माणसावरून हलत नाही. म्हणून घड्याळ यायला पाहिजे. वेळेवर कामाला या म्हणून नाही, त्याला आमचा हजेरीपट आहे."

आमच्या वेळी हे सगळ्यांना यायचं. गेल्या काही बॅचमध्ये मात्र घड्याळाकडे बघून पोरी गोंधळायला लागल्या. पावणेतीनला 'दोन पंचेचाळीस' म्हणतात त्याचं काही नाही, पण काट्यांवरून तेही सांगता येईना. मॅडम चिडायच्या. "अगं घोड्यांनो, तिसरीतल्या पोराला येतं हे!" असं म्हणून खडू टाकायच्या. मुली खाली बघायच्या. दोन-तीन तासांनी सगळ्यांना येतं असं ठरायचं आणि धडा पुढे जायचा.

पण तिसरीतल्या पोरालाही येत नाही, हे त्यांना भाचीच्या मुलीमुळे कळलं. इरा तिचं नाव, एका इंग्रजी शाळेत तिसरीत. भाचीला रजा नव्हती म्हणून पालकसभेला या गेल्या. तो किस्सा त्यांनी डबा खाताना मला स्वतः सांगितला. त्यांनी विचारलं, घड्याळ कधी शिकवणार? टीचर पंचविशीची असेल. ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, तो चॅप्टर आम्ही स्किप करतो. आता सगळीकडे डिजिटलच असतं ना."

"सगळीकडे लिफ्टही असते," मॅडम म्हणाल्या. "जिना चढायलाही शिकवत नाही का?"

मागचे पालक हसले. टीचरचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आजी, मुलांवर आधीच किती लोड आहे. घड्याळ आलं नाही म्हणून कोणाचं काही अडतं का?"

"मग काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"म्हटलं, अडतं की नाही ते अडल्यावर कळतं. आणि आजी नका म्हणू, मॅडम म्हणा." डबा पुसून त्यांनी पिशवीत टाकला. मला तेव्हा वाटलं, बाई उगाच भांडते. त्या टीचरचं काय चुकलं? माझ्या स्वतःच्या मुलालाही येत नाही, तो मनगटावरच्या पट्ट्यावर आकडे बघतो. त्याचं काही अडलेलं नाही.

आता प्रणालीचं सांगते. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. प्रणाली दुसऱ्या वर्षाला होती, वाशीमकडची. माझ्याच भागातली म्हणून मला जरा माया. कामाला वाघ. बेडपॅन देताना नाक मुरडायची नाही, म्हाताऱ्यांशी छान बोलायची. चार्ट मोत्यासारख्या अक्षरात. त्या महिन्यात व्यवस्थापनानं नवा नियम काढला होता की ड्यूटीवर सिस्टरांनी मोबाईल जवळ ठेवायचा नाही, खाली लॉकरमध्ये ठेवून यायचं. नातेवाइकांच्या तक्रारी होत्या. मॅडमना तो नियम पसंत होता.

सात नंबरच्या कॉटवर एक काका होते, बहात्तर वर्षांचे, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी बसून चहा प्यायले. दुपारी साडेचारला डॉक्टर राऊंडला आले तेव्हा त्यांचा श्वास चाळीसच्या घरात होता, आणि बोटावरचं मशीन तेव्हा कुठे ओरडायला लागलं होतं. आयसीयूत हलवलं. संध्याकाळी सातला गेले. फुप्फुसात गुठळी, डॉक्टरांनी लिहिलं. होतं असं कधीकधी. नातेवाइकांनी काही तक्रार केली नाही, उलट जाताना नमस्कार करून गेले. मी कॉट पुसून घेतली, आठ वाजता तिथे दुसरा पेशंट आला.

शनिवारी मॅडमनी तो चार्ट काढला. दहा वाजता अठरा, बारा वाजता अठरा, दोन वाजता अठरा. अक्षर प्रणालीचं. खाली तपासल्याची सही माझी.

त्यांनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता 'आपण' सुरू होणार. तसं झालं नाही. त्यांनी पदरावरचं घड्याळ काढलं, प्रणालीच्या हातात दिलं आणि खुर्चीत टेकून बसल्या. "माझा श्वास मोज गं. अर्धंच मिनिट मोज आणि दुप्पट सांग."

प्रणालीनं घड्याळ वर धरलं. ओठ हलत होते. मी मॅडमकडे बघत होते, त्या नेहमीसारख्या स्थिर. बऱ्याच वेळानं प्रणालीनं मान वर केली.

"किती?"

"अठरा, मॅडम."

मॅडमनी मोठ्यानं श्वास सोडला. चेहरा लाल झाला होता. जरा दम घेऊन म्हणाल्या, "मी श्वास धरून बसले होते, प्रणाली. एकदाही घेतला नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. घड्याळ टेबलावर ठेवून सरळ सांगून टाकलं. तिला काट्याचं घड्याळ कधी कळलंच नव्हतं. काटा पळतो, कुठून सुरुवात केली ते विसरायला होतं, तेवढ्यात श्वासाचा आकडाही जातो. आधी एप्रनच्या खिशात मोबाईल असायचा, एक मिनिटाचा टायमर लावून ठेवायची, तो थरथरला की मोजणं थांबवायची. तेव्हाचे तिचे आकडे खरे होते. मोबाईल खाली गेला आणि तिचे सगळे श्वास अठरा झाले.

"मग सांगायचं नाही का?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला ना मॅडम, तिसरीतल्या पोराला येतं. मग कसं सांगू?"

मॅडमनी टेबलावरचं घड्याळ उचलून परत पदराला लावलं. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. मला काय वाटत होतं ते विचाराल, तर काहीच नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच काही वाटलं नाही. सही माझी होती हे दिसत होतं, आणि त्या दोघींकडे मी पेशंटच्या नातेवाइकांकडे बघावं तशी बघत होते.

डॉक्टर म्हणाले, विषय वाढवू नका, मोजला असता तरी वाचले असते असं नाही. प्रिन्सिपल म्हणाल्या, कोणी तक्रार केलेली नाही, आपण कशाला उकरायचं. नर्सिंग बोर्डाला कळलं तर मुलीचं नाव कमी होईल, सिस्टरवर, म्हणजे माझ्यावर, चौकशी बसेल. सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. मॅडमनी तरी प्रिन्सिपलना पत्र दिलं. त्यात लिहिलं की विद्यार्थिनीला श्वास मोजता येत नव्हता आणि येतो असा शेरा मी दिला होता, जबाबदारी माझी. प्रिन्सिपलनी पत्र फायलीला लावलं. तिथे ते असेल अजून.

पण मॅडमना तेवढ्यानं चैन पडेना. आठवड्यानं मला म्हणाल्या, "सात नंबरच्या काकूंना सांगायला पाहिजे. येतेस?" मी गेले. का गेले कोण जाणे. नाही म्हणण्याइतकंही काही आत उरलं नव्हतं.

काकूंचं घरही कसब्यातच निघालं, मॅडमच्या घरापासून पाच मिनिटांवर. नव्या इमारतीत तिसरा मजला. हॉस्पिटलातल्या बाया आल्या म्हणून काकूंना बरंच वाटलं. पाणी दिलं, पंखा लावला. "तुमच्या सिस्टर फार चांगल्या हो," म्हणाल्या. "ती वाशीमची मुलगी तर यांना आजोबाच म्हणायची."

मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "काकू, एक सांगायचंय. काकांचा श्वास त्या दिवशी तीन वेळा लिहिलाय, पण मोजलेला नाही. लिहिणाऱ्या मुलीला घड्याळावर मोजता येत नव्हतं. तिला शिकवायचं काम माझं होतं."

काकूंना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे मोजला असता तर वाचले असते?"

"सांगता येत नाही. लवकर कळलं असतं. डॉक्टर म्हणतात, तरीही गेले असते."

काकू टेबलावरच्या कापडाची घडी नीट करत राहिल्या. "मी शेजारीच बसले होते," त्या म्हणाल्या. "साडेअकरापासून धापा टाकत होते. समोर घड्याळ होतं भिंतीवर. मी सारखी बघत होते, कधी चार वाजतायत आणि कधी मुलगा येतोय. त्या मुलीला मी विचारलं, अगं, यांना धाप लागलीय का? ती म्हणाली, नाही आजी, नॉर्मल आहे. म्हटलं, लिहून घेतलंय तिनं, आपल्याला काय कळतंय त्यातलं."

मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "मी आपली सगळ्यांना सांगत होते, कोणाचा काही दोष नाही, वेळ आली होती. माझी मी समजूत घातली होती. आता मी काय सांगायचं? मी बघत होते आणि उठले नाही, असं सांगायचं? हे मला कशाला सांगितलंत हो तुम्ही?"

"मला वाटलं, तुम्हाला कळायला हवं," एवढंच मॅडम कसंबसं म्हणाल्या.

"तुम्हाला वाटलं," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी उठून पेले आत नेले आणि लवकर बाहेर आल्या नाहीत. आम्ही दार ओढून घेतलं. मी त्या घरात एक शब्द बोलले नाही. कागदावर खाली सही माझी होती, हे काकूंना अजून माहीत नाही.

जिन्यात मॅडम कठडा धरून थांबल्या. "वैशाली, चुकलं का गं माझं?"

"माहीत नाही मॅडम," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर महिनाभर त्यांनी प्रणालीला रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, कपडे ठेवायच्या खोलीत, दार लावून. त्या खोलीतून रागावल्याचा आवाज कधी आला नाही. प्रणाली शिकली, चांगली शिकली. परीक्षा पास झाली आणि वाशीमला निघून गेली. तिला कोणी काढलं नाही. ती गेली. आता तिकडे एका मेडिकलच्या दुकानात बसते म्हणे. दिवाळीला मला तिचा मेसेज आला होता, मी फुलांचं चित्र पाठवलं. मॅडमनीही मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे. तिनं श्वासासाठी प्रत्येक वॉर्डात मिनिटानं वाजणारे टायमर मागवले, आणि ते वापरलेही जातात. चार्टवर आता अठराशिवायचे आकडे दिसतात. काट्यांचं घड्याळ तिच्या धड्यात नाही. कोण बरोबर ते मला विचारू नका.

मॅडम शेवटच्या दिसल्या त्या गेल्या महिन्यात. हॉस्पिटलतर्फे कसबा पेठेतल्या एका शाळेत मुलांची तपासणी होती. उंची, वजन, दात वगैरे. मी वजनकाटा घेऊन व्हरांड्यातून चालले होते, तर तिसरीच्या वर्गातून ओळखीचा आवाज आला. शिपाईमामा म्हणाले, त्या बाई आठवड्यातून तीनदा येतात, घड्याळ शिकवायला. पगार नाही काही.

मी दाराशी थांबले. मॅडम वाळल्या होत्या. खुर्चीवर न बसता पहिल्या बाकाच्या कडेवर टेकल्या होत्या. फळ्यावर घड्याळ काढलेलं.

"हं," त्या म्हणाल्या, "किती वाजले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी हात वर करा."

आणि त्यांनी स्वतःचा हात आधी वर केला. मग भराभर वीस-बावीस हात वर गेले, बोटं ताणून. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "बाई, तुम्हाला पण येत नाही?"

"घड्याळ येतं मला. दुसरं एक येत नव्हतं."

"काय?"

"कोणाकोणाला येत नाही, हे नीट विचारता येत नव्हतं."

मुलीनं जरा विचार केला. "ते तर सोप्पं आहे, बाई."

"हो गं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा हात अजून वरच होता.

मी आत गेले नाही. पुढच्या वर्गातली मुलं रांगेत उभी होती, त्यांची वजनं घ्यायची होती.